दूरच्या सर्व्हरवर गुमास्ता नेमताना

जुन्या काळी मोठी पेढी परगावच्या पेठेत आपला गुमास्ता ठेवीत असे. माल किती आला, भाव काय निघाला, कोणाची हुंडी परत आली, याची खबर तो पत्राने किंवा तारेने मालकाला कळवी. मालक शंभर कोसांवर असला तरी कारभारावर त्याची नजर राही, ती या माणसाच्या डोळ्यांनी. शब्द मूळचा फार्सी. पण आपल्याकडे तो इतका रुजला की १९४८ च्या कायद्याखाली मिळणाऱ्या दुकानाच्या परवान्यालाच लोक 'गुमास्ता' म्हणू लागले. तो कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला, तरी बाजारातले नाव कायम आहे.

आज हा गुमास्ता पुन्हा आठवण्याचे कारण असे की, व्यापाराचे दप्तर पुन्हा परगावी गेले आहे. पूर्ण्यातील एखादा भुसार व्यापारी बिल फाडतो आपल्या गल्ल्यावर. पण ते बिल साठते मुंबईत किंवा आणखी कोठे तरी, भाड्याने घेतलेल्या संगणकावर. कापड दुकानदाराचा साठा, स्पेअर पार्टवाल्याची उधारी, शिलाई किंवा भरतकाम करणाऱ्या कारागिराची स्वतःची वेबसाइट, या साऱ्यांची हीच तऱ्हा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर हिशेब संगणकावर ठेवणे बहुतेकांना भागच पडले. त्याआधी वर्षभर, २०१६ साली, ॲमेझॉनने मुंबईत आपली सर्व्हर केंद्रे सुरू केली होती. त्यामुळे असा संगणक भाड्याने घेणे छोट्या धंद्यालाही परवडू लागले.

परंतु जे दप्तर आपल्या नजरेआड आहे त्याची खबर कोण देणार? तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेस पकडून पाचशेहून अधिक किलोमीटरवर काही कोणी संगणक पाहायला जाणार नाही. आणि गेला तरी आत प्रवेश मिळणार नाही. यासाठी सर्व्हरवरच एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याला संगणकाच्या भाषेत 'एजंट' म्हणतात. आपण त्याला गुमास्ता म्हणू. त्याला नेमावा कसा, त्याच्याकडून काय करून घ्यावे आणि त्याला कोणत्या किल्ल्या देऊ नयेत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

गुमास्त्याचे काम

सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू राहणारा संगणक. दुसरे संगणक व मोबाइल त्याच्याकडे माहिती मागतात आणि तो पुरवतो. गुमास्ता या संगणकात बसून ठरावीक वेळाने काही साध्या गोष्टी पाहतो. साठवणुकीची जागा किती उरली? बिलाचा प्रोग्राम चालू आहे की बंद पडला? कामाचा ताण किती आहे? रात्रीची नक्कल, म्हणजे बॅकअप, निघाली की नाही? हे आकडे तो दुसऱ्या एका संगणकाकडे पाठवतो. त्याला आपण पेढी म्हणू. पेढीवर आकडे मांडले जातात आणि काही मर्यादेबाहेर गेले की मालकाच्या मोबाइलवर इशारा येतो.

अशी साधने बाजारात नवी नाहीत. अमेरिकेतील ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली जे साधन लोकांपुढे ठेवले ते पुढे 'नागिओस' नावाने प्रसिद्ध झाले. लॅटव्हिया या छोट्या देशातील अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी २००१ साली 'झॅबिक्स' खुले केले. 'साउंडक्लाउड' या कंपनीत २०१२ साली 'प्रॉमिथियस'ची सुरुवात झाली. ही तिन्ही साधने खुल्या परवान्यावर विनाशुल्क मिळतात. म्हणजे खर्च साधनाचा नाही. खर्च आहे तो शिकण्याचा आणि नीट बसवण्याचा.

खबर न येणे हीच मोठी खबर

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की, बिघाड झाला की गुमास्ता कळवील. काही कळवले नाही म्हणजे सारे ठीक आहे. हा समज धोक्याचा आहे. सर्व्हरच बंद पडला तर त्यात बसलेला गुमास्ताही बंद पडतो. मग कळवणार कोण? घरचा माणूस परगावी गेला आणि त्याचे खुशालीचे पत्र आले नाही, तर घरची माणसे 'सारे ठीक असेल' म्हणून स्वस्थ बसत नाहीत. पत्र न येणे हेच काळजीचे कारण असते.

पूर्ण्याच्या वाचकांना हे तत्त्व रेल्वेवरून लगेच पटेल. आपले गाव जंक्शन. येथून एक फाटा परभणी-मनमाडकडे, दुसरा नांदेडकडे आणि तिसरा हिंगोली-अकोल्याकडे जातो. रेल्वेच्या सिग्नलची रचना अशी असते की, जुन्या पद्धतीच्या सिग्नलची तार तुटली तर त्याचा हात आपोआप धोक्याच्या स्थितीत जातो. रुळांतून सोडलेल्या विजेच्या मंडलाचीही हीच रीत आहे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली हे तंत्र काढले. रुळांतून बारीकसा प्रवाह सतत वाहत असतो आणि तो पोचत आहे तोवरच 'मार्ग मोकळा' असे मानले जाते. गाडी रुळावर आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, यांपैकी काहीही झाले तरी प्रवाह पोचत नाही व सिग्नल लाल होतो. यंत्रणा कारण विचारीत बसत नाही. खबर थांबली की गाडी थांबवायची, एवढेच तिला ठाऊक असते.

सर्व्हरवरच्या गुमास्त्याकडूनही हेच करून घ्यावे. त्याने दर पाच मिनिटांनी 'मी आहे' एवढी खुशाली पेढीवर पाठवावी. लागोपाठ तीन वेळा, म्हणजे पंधरा मिनिटे खुशाली आली नाही, तर पेढीने स्वतः इशारा द्यावा. झॅबिक्समध्ये ठरावीक काळ माहिती न आल्यास इशारा देण्याची सोय आहे. प्रॉमिथियसमध्ये ज्या सर्व्हरकडून उत्तर मिळत नाही त्याच्यापुढे शून्य मांडले जाते व त्यावर इशारा लावता येतो. ज्याने गुमास्ता बसवला पण हा इशारा लावला नाही, त्याची देखरेख अर्धीच झाली असे समजावे.

खबर निघाली, पण पोचली का?

संगणक प्रोग्रामांचे साहित्य सांभाळणारी 'गिटलॅब' ही जगप्रसिद्ध कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथे काम करताना मुख्य सर्व्हरवरील माहिती चुकून पुसली गेली. बॅकअप शोधू गेले तर ते रिकामे! बॅकअप काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे तो चालतच नव्हता. त्याच्या अपयशाची खबर ईमेलने पाठवली जात होती. परंतु त्या ईमेलवर आवश्यक ती प्रमाण-खूण नसल्याने समोरचा टपाल-सर्व्हर त्या नाकारीत होता. गुमास्ता ओरडत होता आणि पेढीवर कोणाला ऐकू येत नव्हते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीची एक वेगळी नक्कल सापडली, तिच्यावरून काम सुरू झाले आणि मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सारे लपवून न ठेवता जाहीर केले, म्हणून जगाला शिकता आले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, 'बॅकअप निघाला नाही' या खबरेवर विसंबू नये; 'बॅकअप निघाला, इतका मोठा निघाला, इतक्या वाजता निघाला' ही खबर रोज मागावी. ती सव्वीस तासांत आली नाही किंवा आकार कालच्या निम्म्याहून कमी भरला, तर इशारा व्हावा. दुसरा, इशारा एकाच वाटेने पाठवू नये.

पहारेकरी वेगळ्या घरात हवा

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेक व्यापाऱ्यांना आठवत असेल. रात्री नऊच्या पुढे व्हॉट्सॲप बंद पडले आणि ऑर्डर-पावत्यांचे सारे संदेश अडकले. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास बंद होती. दुरुस्तीच्या कामात दिलेल्या एका हुकमाने कंपनीचे आपले अंतर्गत जाळेच तुटले. विशेष हे की, बिघाड शोधण्याची व दुरुस्त करण्याची तिची साधनेही त्याच जाळ्यावर होती. तीही निकामी झाली. घराला आग लागली आणि पाण्याचा हौद त्याच घरात कुलपात, अशी गत झाली.

म्हणून पेढी आणि सर्व्हर एकाच संगणकावर ठेवू नयेत; शक्य तर एकाच कंपनीकडेही ठेवू नयेत. पेढीसाठी लहानसा संगणक दुसऱ्या कंपनीकडून महिना काही शे रुपयांत भाड्याने मिळतो. शिवाय सर्व्हरच्या आत बसलेल्या गुमास्त्याला बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण दिसत नाही. आत सारे सुरळीत असते आणि बाहेर वेबसाइट उघडत नाही. यासाठी बाहेरून दर काही मिनिटांनी दार ठोठावून पाहणारी सेवाही जोडावी. काही मर्यादेपर्यंत अशी सेवा मोफत मिळते.

कोणत्या किल्ल्या देऊ नयेत

शहाणा मालक गुमास्त्याला माल मोजायला सांगतो. तिजोरीची किल्ली देत नाही. देखरेखीच्या कामाला पाहण्याचा अधिकार पुरतो, बदलण्याचा लागत नाही. हे तत्त्व मोडले तर काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले की, अमेरिकेतील 'सोलरविंड्स' कंपनीच्या 'ओरायन' या देखरेखीच्याच प्रोग्राममध्ये घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता. नेहमीची सुधारणा म्हणून तो सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत गेला. त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. प्रोग्रामला मोठे अधिकार दिलेले असल्याने चोराला वेगळी किल्ली शोधावी लागली नाही. दुसरे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. 'क्राउडस्ट्राइक' कंपनीचा सुरक्षेचा एजंट संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोचलेला होता. त्याची एक सदोष सुधारणा गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्या देशातही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे चोर कोणी नव्हता. चुकलेला गुमास्ता तिजोरीच्या खोलीत बसला होता इतकेच.

सबब चार पथ्ये पाळावीत. गुमास्ता 'रूट' या सर्वाधिकारी खात्यावर चालवू नये, त्यासाठी वेगळे साधे खाते असावे. दुरून हुकूम चालवण्याची सोय झॅबिक्समध्ये मुळात बंद असते, ती बंदच ठेवावी. प्रोग्राम अधिकृत भांडारातूनच घ्यावा. कोणी पेन ड्राइव्हवर दिला म्हणून बसवू नये. आणि पेढी व गुमास्ता यांच्यातील बोलणे गुप्त किल्लीने बंदिस्त करावे. ही सोय झॅबिक्समध्ये २०१६ पासून आहे.

विचारणे की कळवणे?

पेढीने गुमास्त्याला विचारावे, की गुमास्त्याने आपण होऊन कळवावे? दोन्ही पद्धती आहेत. विचारण्याच्या पद्धतीत सर्व्हरला एक दार उघडे ठेवावे लागते. झॅबिक्सचे हे दार १००५० क्रमांकाचे, तर प्रॉमिथियसच्या नेहमीच्या गुमास्त्याचे ९१०० क्रमांकाचे असते. हे दार साऱ्या जगाला उघडे ठेवू नये. फायरवॉलमध्ये फक्त आपल्या पेढीच्या पत्त्यालाच परवानगी द्यावी.

कळवण्याच्या पद्धतीत गुमास्ता स्वतः पेढीला हाक मारतो. सर्व्हरला दार उघडावे लागत नाही. दुकानातला संगणक मोबाइलच्या किंवा साध्या ब्रॉडबँडच्या इंटरनेटवर असतो, त्याला बहुधा कायम पत्ता नसतो व बाहेरून हाक मारता येत नाही. अशा ठिकाणी कळवण्याचीच पद्धत उपयोगी पडते.

दुकानातल्या संगणकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीज गेली की तो बंद होतो, रात्री तर आपणच बंद करतो. त्यावर चोवीस तासांचा इशारा लावला तर रोज रात्री मोबाइल वाजेल, आठ दिवसांत माणूस त्याकडे दुर्लक्ष करू लागेल आणि 'लांडगा आला रे आला' या गोष्टीची पुनरावृत्ती होईल. तेव्हा दुकानाच्या वेळेपुरताच इशारा ठेवावा. जो इशारा आल्यावर काहीच करायचे नसते, तो इशारा काढून टाकावा.

बसवण्याचा क्रम

१. कागदावर यादी करा : कोणता सर्व्हर, त्यावर काय चालते, ते बंद पडल्यास किती तास धंदा थांबेल.

२. पेढीसाठी वेगळा संगणक घ्या. त्यावर गिऱ्हाइकांची किंवा हिशेबाची माहिती ठेवू नका.

३. सर्व्हरवर गुमास्ता बसवा. वेगळे खाते, बंद हुकूम, गुप्त किल्ली आणि मर्यादित दार ही पथ्ये पाळा.

४. प्रारंभी पाचच गोष्टी पाहा : खुशाली, उरलेली जागा, बिलाचा प्रोग्राम, बॅकअपचे वय व आकार, आणि वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत. जागा ८० टक्के भरली की सूचना, ९० टक्के भरली की तातडीचा इशारा. 'लेट्स एन्क्रिप्ट'ची मोफत प्रमाणपत्रे नव्वद किंवा त्याहूनही कमी दिवसांची असतात. ती संपण्यापूर्वी चौदा दिवस सूचना यावी.

५. घड्याळ तपासा. भाड्याचा सर्व्हर पुष्कळदा जागतिक वेळेवर चालतो. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २ चा म्हणून लावलेला बॅकअप मग सकाळी साडेसातला निघतो.

६. इशारा दोन वाटांनी व दोन माणसांना जावा. एसएमएससाठी दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे आधी नोंदणी व मजकुराची मंजुरी लागते. छोट्या दुकानदाराला ईमेल आणि टेलिग्रामसारखी सेवा हे सोपे पडते.

७. पेढीवर पहारा कोणाचा? तिने रोज सकाळी दहाला 'सर्व खुशाल' असा एक संदेश पाठवावा. दुकानाचे शटर वर केल्यावर तो आला नसेल, तर पेढीच बंद आहे असे समजावे.

८. महिन्यातून एकदा गुमास्ता मुद्दाम बंद करा आणि पंधरा मिनिटांत मोबाइल वाजतो का ते पाहा. याच दिवशी बॅकअपमधून चार बिले परत काढून पाहा. ही परीक्षा टाळू नये.

नफा-नुकसान कोणाचे?

कोणी म्हणेल, आपला धंदा तो केवढा, त्याला हा पसारा कशाला? याचे उत्तर तारखांत आहे. दरमहा विवरण भरणाऱ्याला विक्रीचे विवरण पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे २० तारखेपर्यंत भरावे लागते. कर देणे असलेल्या विवरणाला उशीर झाला तर रोज पन्नास रुपये विलंब शुल्क, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. १० तारखेला जागा भरून सर्व्हर अडला आणि १२ ला लक्षात आले, तर दंडापेक्षा मोठे नुकसान पुढे असते : ज्या व्यापाऱ्याने आपल्याकडून माल घेतला त्याला कराची वजावट वेळेवर मिळत नाही आणि तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. मोठी कंपनी सहा तास बंद राहून सावरते. छोट्या दुकानाचे तुटलेले गिऱ्हाईक परत येईलच असे नाही. उधारीची वही ही तर दोघांची अमानत. ती हरवली तर रकमेपेक्षा भांडणेच जास्त होतात.

याची दुसरी बाजू रोजगाराची आहे. पूर्णा, परभणी, बसमत, नांदेड येथे बिलिंगचे प्रोग्राम विकणारे आहेत; विकल्यानंतर त्यावर नजर ठेवणारे थोडे आहेत. आयटीआय किंवा संगणक पदविका झालेल्या तरुणाने लिनक्स, फायरवॉल व वर सांगितलेले एक साधन एवढे पक्के शिकून घेतले, तर गावात राहून तो दहा-वीस दुकानांचे सर्व्हर सांभाळू शकतो व दरमहा ठरावीक मोबदला घेऊ शकतो. मात्र त्याने करार लेखी करावा : काय पाहणार, किती वेळात कळवणार, आणि दुकानदाराच्या हिशेबात डोकावणार नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने काढलेले निर्देशही त्याने वाचावेत. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर व कंपन्या यांनी नोंदी १८० दिवस जपाव्यात, घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवावीत आणि सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत द्यावी, असे त्यांत सांगितले आहे.

व्यापारी बंधूंनो, आपला हिशेब कोठे साठतो, तो बंद पडल्यास आपल्याला कोण कळवील आणि कळवणाराच बंद पडला तर काय, हे तीन प्रश्न आपल्या संगणकवाल्याला याच आठवड्यात विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत बिलांची एक नक्कल रोज दुकान वाढवताना आपल्याजवळ काढून ठेवावी.